नैराश्य प्रत्येक वयात वेगळं दिसतं: घरच्यांनी काय ओळखावं, कुठे जावं

घरात कुणाला ताप आला की आपला हात लगेच त्याच्या कपाळावर जातो. अब्बांची साखर वाढली की गोडाचा डबा लपवला जातो. पण घरातलं एखादं माणूस दोन-दोन महिने गप्प राहिलं, जेवणावरून त्याचं मन उडालं, तर आपण म्हणतो, स्वभावच तसा आहे. वय झालंय. आळस आहे. नजर लागली असेल. नैराश्य ओळखायला आपल्याकडे उशीर होतो तो इथेच.

नैराश्य म्हणजे कोपऱ्यात बसून रडणं, अशी आपली समजूत आहे. रडणं हे त्याचं फक्त एक रूप. सात वर्षांच्या मुलात ते पोटदुखी बनून येतं, पंधरा वर्षांच्या मुलात चिडचिड बनून. बाळंतिणीत अपराधीपणा, कमावत्या पुरुषात राग आणि सत्तरीतल्या दादीमध्ये विसरभोळेपणा बनून येतं. आजार एकच, पण प्रत्येक वयात त्याला वेगळं नाव देऊन आपण तो बाजूला ठेवतो. म्हणून या लेखात आम्ही लक्षणं वयानुसार मांडली आहेत. निदान डॉक्टरच करतील. घरच्यांचं काम आहे वेळेवर ओळखण्याचं आणि सोबत जाण्याचं.

आधी आजार समजून घेऊ

उदास होणं हा आजार नाही. परीक्षेत नापास झालो, धंद्यात खोट आली, घरात मय्यत झाली, तर मन उदास होणारच. बहुतेकदा काही दिवसांनी माणूस सावरतो, मध्येच हसतो, जेवतो, कामाला लागतो.

नैराश्यात तसं होत नाही. मन सतत उदास किंवा रिकामं वाटणं आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतली गोडी जाणं, या दोन मुख्य खुणा. त्यांच्यासोबत झोप बिघडणं, भूक कमी किंवा जास्त होणं, सारखा थकवा, लक्ष न लागणं, हालचाल आणि बोलणं मंदावणं किंवा अस्वस्थपणे येरझारा घालणं, आपण निकामी आहोत असं वाटणं, आणि मरणाचे विचार येणं. दोन मुख्य खुणांपैकी एक तरी धरून अशी पाच किंवा जास्त लक्षणं बहुतेक रोज, दिवसाचा बराच वेळ, किमान दोन आठवडे राहिली आणि त्यामुळे शाळा, घरकाम, नोकरी अडू लागली, तर डॉक्टर त्याला नैराश्याचा आजार म्हणतात. लक्षणं पाच भरण्याची वाट मात्र घरच्यांनी बघू नये.

हा आजार दुर्मीळ नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत 20 प्रौढांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य झाल्याचं दिसलं. त्याच पाहणीत नैराश्य असलेल्या जवळपास 85 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचले नव्हते. म्हणजे दर सात आजाऱ्यांपैकी सहा जण बिनाइलाजाचे. ते आपल्याच घरांत, आपल्याच मोहल्ल्यात आहेत.

ओळखण्याची एक सोपी रीत लक्षात ठेवा. त्या माणसाची तुलना शेजारच्या मुलाशी, दुसऱ्या सुनेशी किंवा स्वतःशी करू नका. त्याची तुलना त्याच्याच मागच्या वर्षाशी करा. ‘हा आधी असा नव्हता’ हे वाक्य घरात दोन जणांच्या तोंडून निघालं, तर थांबून विचार करा.

लहान मुलं: साधारण 5 ते 12 वर्षं

लहान मुलाला ‘मी उदास आहे’ असं सांगता येत नाही. त्याच्याकडे तेवढे शब्दच नसतात. म्हणून ते शरीराने सांगतं. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं, डोकं दुखतं, उलटीसारखं होतं. डॉक्टर तपासतात, रिपोर्ट नॉर्मल येतात. मग आपण म्हणतो, नाटकं करतोय.

मूल उदास दिसण्याऐवजी चिडखोर होऊ शकतं. लहानसहान गोष्टींवर रडणं, वस्तू फेकणं, भावंडांना मारणं, खेळायला बोलावलं तरी न जाणं, सुटलेली अंथरूण ओलं करण्याची सवय परत येणं, अम्मीला क्षणभरही न सोडणं, या खुणा पाहा. वजन वयाप्रमाणे वाढत नसेल तर तीही खूण आहे. ‘मी वाईट आहे’, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं मूल बोललं तर हसण्यावारी नेऊ नका.

अशा वेळी कारणही शोधायला हवं. शाळेत किंवा मदरशात कुणी मारतं का, चिडवतं का? त्याच्या नावावरून, कपड्यांवरून कुणी बोलतं का? घरात रोज भांडणं होतात का? कुणी त्याच्या अंगाशी नको तसं वागतं का? हे प्रश्न मांडीवर घेऊन, शांतपणे विचारायचे असतात. हातात छडी घेऊन विचारले तर खरं उत्तर मिळत नाही.

किशोरवय: 13 ते 19

प्रौढांत दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात 14 व्या वर्षापर्यंत झालेली असते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरी याच वयात सर्वात जास्त गल्लत होते, कारण ‘या वयात सगळीच मुलं उद्धट होतात’ असं आपण धरून चालतो.

साधा वयाचा बदल आणि नैराश्य यांत फरक आहे. वयात आलेलं मूल अम्मी-अब्बांशी फटकून वागतं, पण दोस्तांमध्ये हसतं, क्रिकेटला जातं, ईदच्या कपड्यांसाठी हट्ट करतं. नैराश्यातलं मूल दोस्तांनाही टाळतं. मार्क अचानक घसरतात. रात्री तीनपर्यंत जागं, दिवसभर झोपलेलं. मोबाइल हातात असतो, पण त्यातही त्याचं मन रमत नाही. अशा वेळी नुसता मोबाइल हिसकावून घेतल्याने आजार जात नाही.

मुलींमध्ये एकदम जेवण कमी करणं, कायम पूर्ण बाहीत राहून हात लपवणं, हातावर ब्लेडच्या रेघा, या खुणा असू शकतात. त्या दिसल्या तर ओरडू नका, बदनामीची भाषा करू नका. आतलं दुखणं सहन होत नाही म्हणून ती स्वतःला इजा करत असते. दहावी-बारावीचा निकाल, साखरपुडा मोडणं, मर्जीविरुद्ध ठरलेलं लग्न, फोटो व्हायरल करण्याच्या धमक्या, या काळात मुलांवर विशेष लक्ष हवं. आणि ‘लग्न करून द्या, ठीक होईल’ हा इलाज नाही. त्याने आजार एका घरातून दुसऱ्या घरात जातो, एवढंच.

बाळंतपणानंतर

बाळ झाल्यावर तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान बऱ्याच बायकांना विनाकारण रडू येतं. अकीक्याच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं आणि बाळंतीण आतल्या खोलीत डोळे पुसते आहे, हे चित्र अनेक घरांत दिसतं. शरीरातले हार्मोन एकदम खाली येतात, त्यात जागरण. दोन आठवड्यांत हे बहुतेकदा आपोआप ओसरतं.

दोन आठवड्यांनंतरही ते राहिलं तर मात्र नैराश्य असू शकतं. भारतातल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित अंदाज असा, की सुमारे 22 टक्के मातांना बाळंतपणानंतर नैराश्य येतं. म्हणजे पाचातली एक. ते पहिल्या वर्षभरात कधीही सुरू होऊ शकतं. आपल्याकडे चाळीस दिवस माहेरी जपलं जातं, आणि सासरी परतल्यावर रात्रीचं बाळ, दिवसाची चूल आणि पाहुणे, सगळं एकदम अंगावर येतं. त्या वेळी तिच्याकडे लक्ष ठेवा.

बाळ झोपलं तरी तिला झोप येत नाही. बाळाला घ्यावंसं वाटत नाही, किंवा उलट, बाळाला काही होईल या भीतीने ती क्षणभरही खाली ठेवत नाही. ‘मी चांगली आई नाही’ हे मनात घोळत राहतं. ती कुणाला सांगत नाही, कारण सगळे म्हणतात, अल्लाहने एवढं गोड बाळ दिलं आणि तू नाशुक्री करतेस? हे वाक्य तिच्या जखमेवर मीठ आहे. मुलगी झाली म्हणून टोमणे असतील तर त्रास दुप्पट.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत बाई अजिबात झोपेनाशी झाली, असंबद्ध बोलू लागली, कानात आवाज येतात म्हणाली, बाळाबद्दल विचित्र संशय घेऊ लागली, तर ते तातडीचं आहे. हजारात एक-दोन बायकांना असं होतं. लोक त्याला ‘असर’ किंवा जिन समजून दिवस घालवतात. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा आणि तोवर बाई आणि बाळ यांना एकटं सोडू नका. वेळेवर इलाज झाला तर बाई पूर्ण बरी होते.

कमावता पुरुष

पुरुष रडत नाही, तो चिडतो. घरात पाऊल टाकलं की आवाज चढतो, मुलं सटकतात. किंवा तो बोलतच नाही. उशिरापर्यंत नाक्यावर बसणं, तंबाखू-गुटखा वाढणं, लपून दारू, बेफाम बाइक चालवणं, ऑनलाइन सट्टा, कर्ज, सतत पाठ आणि छाती दुखणं. हे सगळं नैराश्याचं रूप असू शकतं. पण आपण त्याला ‘बिघडला’ म्हणतो. देशात आत्महत्या करणाऱ्यांत 10 पैकी साधारण 7 पुरुष असतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी दाखवते. मदत मागायला पुरुष सर्वात उशिरा येतो.

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करणारा कारागीर मंदीत रिकामा बसला की त्याला फक्त पैशाचं नुकसान होत नाही, घरातली मानही खाली गेल्यासारखी वाटते. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांत भाऊ किंवा शोहर आखातात आहेत. एका खोलीत सहा-आठ जण, वर्ष-दोन वर्षांनी सुट्टी. फोनवर तो रोज ‘सब ठीक है’ म्हणतो, कारण पैसे पाठवणाऱ्याने कमजोर दिसू नये असं त्याला वाटतं. त्याचे फोन तुटक होत गेले, तो व्हिडिओ कॉल टाळू लागला, सुट्टीवर येऊनही कुणाला भेटेना, तर ‘पैसा आला, बदलला’ असं ठरवू नका. विचारा, झोप लागते का? जेवतोस का? तिथे बोलायला कुणी आहे का?

चाळीशी-पन्नाशीतली बाई

या वयात पाळी जाण्याच्या आसपास झोप तुटते, अंगातून वाफा निघतात, मन लवकर भरून येतं. याच काळात मुली सासरी जातात, मुलगे शहरात जातात, सासू-सासरे अंथरुणाला खिळलेले असतात. बाई म्हणते, ‘अंगात त्राण नाही’, ‘डोकं जड आहे’, ‘हातपाय जळतात’, ‘घाबरल्यासारखं होतं’. ती उदास आहे असं म्हणत नाही. वर्षानुवर्षं सलाईन आणि ताकदीची इंजेक्शनं घेत राहते.

इथे रक्ताची तपासणी जरूर करावी. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12, साखर. थायरॉइड कमी असलं किंवा रक्त कमी असलं तरी अशीच लक्षणं येतात आणि त्यांचा इलाज वेगळा आहे. रिपोर्ट चांगले आले आणि त्रास मात्र तसाच राहिला, तर ‘काहीच नाही’ म्हणून सोडू नका. मनाचा डॉक्टर हा पुढचा दरवाजा आहे.

म्हातारपण

दादा-दादी गप्प बसले तर आपल्याला वाटतं, वय झालं. पण नैराश्य हा म्हातारपणाचा भाग नाही. तो आजार आहे, आणि या वयातही बरा होतो.

वयस्कर माणूस मन उदास आहे असं क्वचितच सांगतो. तो सांगतो, पोट साफ होत नाही, सांधे दुखतात, अन्नाला चव नाही. वजन उतरतं. पहाटे तीनला जाग येते आणि मन जड होऊन जातं. घरच्यांना वाटतं, तहज्जुदला उठले. कधी अपराधीपणा दीनाच्या शब्दांत येतो: ‘माझी नमाज कबूल होत नाही’, ‘मी फार गुनहगार आहे’. आयुष्यभर समाधानाने इबादत करणारा माणूस अचानक असं बोलू लागला, तर तो आजार बोलत असू शकतो.

विसरभोळेपणाबाबतही गल्लत होते. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षं हळूहळू येतो आणि माणूस तो झाकायला बघतो. नैराश्यातला विसर काही आठवड्यांत येतो, माणूस स्वतःच तक्रार करतो, आणि काही विचारलं तर प्रयत्न न करता ‘मला नाही माहीत’ म्हणतो. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून तपासणी हवीच. लकवा आलेल्या साधारण तीनपैकी एका रुग्णाला पुढे नैराश्य येतं. ऐकू कमी येणं, दिसणं कमी होणं यानेही माणूस एकटा पडतो. कधीकधी कानाचं यंत्र आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन हाही इलाजाचाच भाग असतो.

जोडीदार गेल्यावरचं दुःख वेगळं. ते लाटांसारखं येतं, आठवण आली की भरून येतं, मग माणूस सावरतो. इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरात येणं-जाणं असतं, नंतर मात्र लोक येणं थांबवतात. खरी परीक्षा तिथून सुरू होते. त्या बाईने खाणं-बोलणं सोडलं, ‘मलाही त्यांच्याकडे जायचंय’ असं ती वारंवार म्हणू लागली, तर डॉक्टरांना दाखवा.

ईमान कमजोर आहे का?

हा प्रश्न आपल्या घरांत विचारला जातो, म्हणून आम्ही त्याला बगल देत नाही. हजरत याकूब (अ.) यांनी मुलाच्या विरहात किती अश्रू गाळले ते आपण सगळे जाणतो. दुःख होणं हा ईमानातला खोट नाही. आणि नैराश्य हा तर आजार आहे, साखर किंवा दम्यासारखा.

मुस्लिम हकिमांना हे फार पूर्वी समजलं होतं. बल्ख इथले अबू जैद अल-बल्खी यांचं निधन इसवी सन 934 मध्ये झालं. शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला. काही दुःखाचं कारण दिसतं आणि काही दुःख कारणाशिवाय शरीरातून येतं, त्याला औषधाचाही इलाज लागतो, असा भेद त्यांनी हजार वर्षांपूर्वी केला होता.

दुआ करा, नमाजने मनाला आधार मिळतो. पण दुआ आणि दवा यांत एकाची निवड करायची नसते. जो कुणी गोळ्या बंद करायला सांगतो, साखळीने बांधतो, मारतो, धुरी देतो, त्याच्याकडे माणूस नेऊ नका. इमामसाहेबांना आमची विनंती आहे, जुम्म्याच्या बयानात दोन मिनिटं या विषयावर बोला. तुमच्या एका वाक्याने एखादं घर डॉक्टरांपर्यंत पोहोचेल.

इलाज कसा होतो

सौम्य नैराश्यात समुपदेशन, रोजचं चालणं, झोपेची वेळ सांभाळणं याने बरंच साधतं. मध्यम आणि तीव्र आजारात औषध लागतं. औषधाबद्दल चार गोष्टी लक्षात ठेवा.

- असर दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका.
- बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने किंवा जास्त गोळ्या चालतात. बंद करायच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.
- या झोपेच्या गोळ्या नाहीत आणि यांचं व्यसन लागत नाही. मेडिकलमधून स्वतःच झोपेची गोळी आणणं हा इलाज नाही.
- तरुणांमध्ये पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी किंवा वाईट विचार वाढतात का, यावर घरच्यांनी नजर ठेवावी.

कधी काळी खूप उत्साह, कमी झोप आणि वारेमाप खर्च असे दिवस येऊन गेले असतील तर ते डॉक्टरांना सांगा, कारण त्या आजाराचं औषध वेगळं असतं. अंगावर दूध पाजणाऱ्या मातांनाही चालतील अशी औषधं आहेत. रमजानआधी डॉक्टरांशी बोला. बरीच औषधं दिवसातून एकदा असतात, ती सहरी किंवा इफ्तारला घेता येतात. लिथियम घेणाऱ्यांना मात्र पाणी कमी पडल्याने धोका होऊ शकतो, त्यांनी विचारल्याशिवाय रोजा धरू नये. आजारी माणसाला रोजातून सूट आहे.

जिवाचा धोका असेल तर

‘मी नसलेलं बरं’ असं बोलणं, जवळच्या वस्तू वाटून टाकणं, सगळ्यांची माफी मागत फिरणं, फार अस्वस्थ असलेला माणूस अचानक शांत होणं, या धोक्याच्या खुणा आहेत. सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. एकटं सोडू नका. शेतीची फवारणीची औषधं, उंदराचं औषध, गोळ्यांचे साठे कुलपात ठेवा.

पोलिसांच्या भीतीने प्रकार लपवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 प्रमाणे जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावात होता असंच धरलं जातं आणि सहसा त्याच्यावर खटला चालत नाही. याच कायद्याने विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे.

कुठे जायचं

सरकारची टेली मानस सेवा, फोन 14416, दिवसरात्र, मोफत, मराठीतही. नाव सांगण्याची सक्ती नाही. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मनोविकार विभाग असतो. ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. आणि हे काहीच जवळ नसेल तर आपल्या फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात करा.

घरच्यांनी पहिलं वाक्य काय बोलावं, हे अनेकांना कळत नाही. ‘तुला काय कमी आहे?’ असं म्हणू नका. ‘तू पूर्वीसारखा दिसत नाहीस, मला काळजी वाटते. चल, मी सोबत येतो,’ एवढंच म्हणा. आणि खरोखर सोबत जा, पहिल्या भेटीला आणि दुसऱ्याही.